ताऱ्यांचा प्रकाश : किती आणि कसला?

विवाहविधींत सप्तपदी झाल्यानंतर वधूवरांस ध्रुव आणि अरुंधती यांचें दर्शन करविण्याची चाल आपल्यांत फार जुनी आहे. हल्लीं लग्नें बहुधा दिवसाच उरकतात आणि भटजीबुवा मांडवाच्या छताकडे बोट दाखवून हा विधि पुरा करितात, ही गोष्ट निराळी. परंतु ज्यांनीं ही चाल घालून दिली त्यांस आकाशाची ओळख पुरी होती, यांत शंका नाहीं. अरुंधती ही एकदम डोळ्यांत भरणारी तारका नव्हे. म्हणून तिच्या शेजारचा ठळक तारा आधीं दाखवावा, दृष्टि तेथें स्थिर झाली म्हणजे मग सूक्ष्म अरुंधती दाखवावी, असा क्रम ठरला. आणि शास्त्रकारांनीं त्यावरूनच अरुंधतीदर्शनन्याय बसविला. स्थूलावरून सूक्ष्माकडे जावें, हें त्या न्यायाचें तात्पर्य. आजच्या लेखांत आम्ही त्याच न्यायानें चालणार आहों.

चैत्र-वैशाखांत रात्रीं नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें असतां सप्तर्षि उंच आलेले दिसतात. त्यांच्या शेपटाकडील शेवटून दुसरा तो वसिष्ठ, आणि त्यास लगटून असलेली बारीक तारका ती अरुंधती. वसिष्ठ तेजस्वी आणि अरुंधती मंद, हें लहान मूलहि सांगेल. पण किती मंद? निम्मी, चौथाई, कीं दशांश? येथें डोळा मुका होतो. अधिक आणि उणें एवढेंच तो सांगतो. किती, हें त्यास सांगतां येत नाहीं. शिवाय हा प्रकाश कसला, म्हणजे कोणत्या पदार्थापासून निघालेला, हा दुसरा प्रश्न तर डोळ्यापुढें मांडण्यांतहि अर्थ नाहीं. या दोन प्रश्नांचीं उत्तरें मनुष्यानें कशीं मिळविलीं, आणि मिळालेल्या उत्तरांवर विश्वास ठेवणें मोठमोठ्या पंडितांसहि कसें जड गेलें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम 'किती' हा प्रश्न घेऊं. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ग्रीक ज्योतिष्यांनीं नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या ताऱ्यांच्या सहा प्रती पाडिल्या. अत्यंत ठळक ते पहिल्या प्रतीचे, आणि काळोख्या रात्रीं जेमतेम दिसतात ते सहाव्या प्रतीचे. ही वर्गवारी अंदाजाची होती. एका प्रतींत आणि दुसरींत नक्की केवढें अंतर, याचा हिशेब तींत नव्हता. तो हिशेब १८५६ सालीं नॉर्मन पॉग्सन या इंग्रज ज्योतिष्यानें घालून दिला. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून शंभर पट तेजस्वी धरावा, आणि मधल्या पांच पायऱ्या सारख्याच पटीनें चढाव्या, असा त्यानें नियम केला. अशी एकेक पायरी अडीचपटीहून किंचित् अधिक येते, आंकडा २.५१२. ही वाढ बेरजेची नव्हे, गुणाकाराची आहे. चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्यांस ठाऊक आहे त्यांस ती समजावयास वेळ लागणार नाहीं. आतां वसिष्ठ सुमारें दुसऱ्या प्रतीचा आणि अरुंधती चौथ्या प्रतीची. पायऱ्या दोन, म्हणून वसिष्ठ अरुंधतीच्या सुमारें सहा पट तेजस्वी. सर्व ताऱ्यांत ठळक जो व्याध, त्याची प्रत या मापानें शून्याच्याहि पलीकडे, जवळजवळ ऋण दीड, इतकी येते.

हाच पॉग्सन १८६१ सालीं मद्रासच्या सरकारी वेधशाळेचा प्रमुख होऊन आला आणि १८९१ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. त्याच्या हाताखालीं चिंतामणि रघुनाथाचारी या विद्वानानें १८६७ सालीं दक्षिण आकाशांतील एक रूपविकारी तारा, म्हणजे ज्याचें तेज नियमानें कमीअधिक होतें असा तारा, शोधून काढिला. मापाचा नियम ज्यानें घातला आणि त्या मापाचा उपयोग ज्यानें केला, ते दोघेहि आपल्याच देशांतील एका वेधशाळेंत काम करीत होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

नियम झाला, तरी प्रत्यक्ष मोजणी राहिलीच. प्रथम ती डोळ्यानें शेजारच्या ताऱ्याशीं ताडून होई. मग छायाचित्राच्या कांचेवरील ठिपक्याच्या आकारावरून होऊं लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रकाश पडतांच वीज वाहूं देणारे घट आले. आणि आतां दुर्बिणीस सिलिकॉनची एक चकती जोडलेली असते व तिच्यावर पडलेला प्रकाश यंत्र कणाकणानें मोजतें. साधन बदललें तरी रीत जुनीच आहे. वाणी तेल मोजून देतांना आधीं रिकाम्या भांड्याचा धडा करितो, म्हणजे भांड्याचें वजन बाजूला काढितो. ज्योतिषीहि तसेंच करितो. रात्रीचें आकाश स्वतः थोडें उजळ असतें. तो उजेड आधीं वजा करावयाचा. आपल्या हवेनें किती प्रकाश खाल्ला तो मिळवावयाचा. मग ज्याची प्रत पूर्वीं पक्की ठरली आहे अशा शेजारच्या ताऱ्याशीं ताळा पाहावयाचा. ही रीत आज इतकी बारकाईस पोंचली आहे कीं ताऱ्यापुढून त्याचा एखादा ग्रह सरकला असतां प्रकाशांत पडणारी किंचित् तूटहि कळते. केप्लर नांवाच्या दुर्बिणीनें २००९ पासून २०१८ पर्यंत अंतराळांत राहून अशा रीतीनें दोन हजारांहून अधिक ग्रहांचा पत्ता लाविला.

परंतु 'किती' या प्रश्नाचें सर्वांत मोठें फळ एका स्त्रीनें कांचांवरील ठिपके मोजून मिळविलें. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्व आकाशाचीं छायाचित्रें घेण्याचा क्रम चालविला होता. ठिपके तपासण्याचें किचकट काम वेधशाळेचा प्रमुख एडवर्ड पिकरिंग यानें स्त्रियांकडे सोंपविलें. त्या काम नेटकें करीत आणि वेतन पुरुषांहून पुष्कळ कमी घेत. त्यांतील विल्यमिना फ्लेमिंग ही मुळांत पिकरिंगच्या घरीं मोलकरीण होती. तीच पुढें हजारों ताऱ्यांची वर्गवारी लावणारी ज्योतिषी झाली. याच मंडळींत हेनरिएटा लेव्हिट होती. दक्षिण गोलार्धांतून दिसणाऱ्या मॅजेलनच्या दोन मेघांत तिनें १,७७७ रूपविकारी तारे मोजले व १९०८ सालीं त्यांची यादी छापली. १९१२ सालीं त्यांतील धाकट्या मेघांतल्या पंचवीस ताऱ्यांवरून तिनें दाखवून दिलें कीं, ज्या ताऱ्याच्या तेजाची एक फेरी पुरी व्हावयास अधिक दिवस लागतात तो अधिक तेजस्वी असतो.

यांत विशेष तें काय, असें कोणी विचारील. एखाद्या टेकडीवरून दूरच्या गांवांतील दिवे पाहावे. सर्व दिवे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. म्हणून जो मोठा दिसतो तो खरोखरच मोठा. मेघांतील ताऱ्यांचें तसेंच आहे. अशा रीतीनें फेरीच्या दिवसांवरून ताऱ्याचें खरें तेज कळूं लागलें. खरें तेज कळलें आणि आपणांस दिसणारें तेज मोजलें, कीं तारा किती दूर आहे हें त्रैराशिकाहून थोड्याच अवघड गणितानें निघतें. कारण अंतर दुप्पट झालें म्हणजे तेज चौथाई होतें. १९२३ सालीं एडविन हबल यास देवयानींतील तेजोमेघांत असा एक तारा सांपडला आणि तो मेघ आपल्या आकाशगंगेबाहेरचा आहे हें सिद्ध झालें. त्याचें अंतर आज सुमारें पंचवीस लक्ष प्रकाशवर्षें मानितात. विश्व केवढें, या प्रश्नाचा गज लेव्हिटबाईंनीं तयार केला; स्वतः त्या मात्र १९२१ सालींच निवर्तल्या होत्या.

आतां 'कसला' हा दुसरा प्रश्न. स्वयंपाकघरांत गॅसच्या शेगडीवर आमटी उतूं गेली कीं निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हें आमच्या वाचकभगिनींनीं शेंकडों वेळां पाहिलें असेल. तो पिवळा रंग मिठांतील सोडियमचा. तेच रंग लोलकांतून पाहिले, तर सूर्यप्रकाशाप्रमाणें सात रंगांचा सलग पट दिसत नाहीं. एका ठराविक जागीं दोन पिवळ्या रेषा मात्र दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या आणि त्यांच्या जागाहि ठरलेल्या. एकाच्या रेषा दुसऱ्याच्या जागीं कधीं पडत नाहींत. माणसाच्या आंगठ्याचा ठसा, तसा हा पदार्थाचा ठसा.

ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञानें १८३५ सालीं असें प्रतिपादिलें होतें कीं, ताऱ्यांचीं अंतरें व गति मोजतां येतील, पण ते कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हें मनुष्यास कधींहि कळणार नाहीं. तर्कदृष्ट्या हें म्हणणें वावगें वाटत नाहीं. ताऱ्याचा तुकडा आणून मुशींत घालणार कोण? परंतु सूर्याच्या वर्णपटांत शेंकडों काळ्या रेषा आहेत हें योसेफ फ्राउनहोफर या जर्मन कांचकारागिरानें १८१४ सालींच पाहून ठेविलें होतें. कोंत १८५७ सालीं वारला, आणि पुढच्या दोनच वर्षांत किर्खोफ व बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनीं त्या काळ्या रेषांचा उलगडा केला. तप्त गोळ्याचा प्रकाश बाहेर येतांना त्यावरील वायु आपापल्या जागचे रंग गिळून टाकितात. गिळलेल्या जागा काळ्या दिसतात. सूर्याच्या पटांत सोडियमच्या जागीं काळी रेषा आहे, तर सूर्यावर सोडियम आहे. तुकडा आणावा लागला नाहीं. प्रकाशच साक्ष घेऊन आला होता.

या साक्षीचा पुढील भाग आपल्या देशांत घडला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया दक्षिण हिंदुस्थानांतून गेली. गुंटूर येथें फ्रेंच ज्योतिषी जान्सेन आणि पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानांत इंग्रज ज्योतिषी लेफ्टनंट हर्शेल, असे निरनिराळ्या ठिकाणीं लोक वर्णपटदर्शक यंत्रें लावून बसले होते. जमखिंडीस ढग आडवे येत होते, तरी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या तेजस्वी रेषा हर्शेलनें पाहिल्या. त्यांत एक रेषा पिवळसर होती. ती सोडियमची असावी असें प्रथम वाटलें. परंतु त्याच वर्षीं इंग्लंडांत नॉर्मन लॉकियर यानें ती सोडियमच्या जागेहून किंचित् सरकलेली आहे हें दाखविलें. अशी रेषा देणारें द्रव्य पृथ्वीवर कोणास ठाऊक नव्हतें. त्यास सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हेलियम नांव मिळालें, आणि पृथ्वीवर तें सांपडलें १८९५ सालीं! पुण्यासहि सायन्स कॉलेजांत प्रोफेसर कावसजी नेगामवाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून वेधशाळा उभारिली होती. तींत वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती, आणि १८९८ सालच्या सूर्यग्रहणाचे वेध त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें घेतले. १९१२ सालीं ती वेधशाळा बंद होऊन यंत्रें कोडाईकॅनॉलला गेलीं.

वर्णपटावरून ताऱ्याची उष्णताहि कळते. ज्येष्ठा तांबूस, तिची उष्णता साडेतीन हजार अंशांच्या आसपास; चित्रा निळसर पांढरी, तिची वीस हजारांच्या वर; आपला सूर्य मधला, साडेपांच हजारांचा. शिवाय तारा आपणांकडे येत असला तर त्याच्या रेषा जांभळ्या बाजूस सरकतात, आणि दूर जात असला तर तांबड्या बाजूस. आगगाडी येतांना शिटी बारीक व जातांना जाड ऐकूं येते तसेंच हें. याच युक्तीनें १८८९ सालीं हार्वर्डला आपल्या वसिष्ठाचें गुपित फुटलें. त्याच्या वर्णपटांतील रेषा कांहीं कांचांवर एकेरी तर कांहींवर दुहेरी दिसत. त्या कांचा तपासणाऱ्यांत अँटोनिया मोरी ही विदुषी होती. दुर्बिणींतूनहि जो एकच दिसतो तो वस्तुतः दोन ताऱ्यांचा जोड असून ते एकमेकांभोंवतीं फिरत आहेत, असा याचा अर्थ. त्यांची एक फेरी सुमारें साडेवीस दिवसांची आहे. वसिष्ठास दुर्बिणींतून दिसणारा एक सोबतीहि आहे व तोहि असाच जोड ठरला. आणि २००९ सालीं अरुंधतीजवळहि एक मंद तारा सांपडला. नुसत्या डोळ्यांस दोन, आणि मोजणाऱ्यांस सहा!

येथवर स्थूल झालें, आतां सूक्ष्म. रेषा ठळक म्हणजे तें द्रव्य विपुल, असा लोकांचा समज होता. सूर्याच्या पटांत लोखंडासारख्या धातूंच्या रेषा भरपूर. तेव्हां सूर्य द्रव्यानें पृथ्वीसारखाच असावा, असें विद्वान मानीत. परंतु सभेंत ज्याचा आवाज मोठा त्याच्या पक्षाचीं माणसें अधिक असतातच असें नाहीं. कलकत्त्याच्या मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं गणितानें दाखविलें कीं, उष्णतेनें व दाबाच्या फरकानें अणूंतील इलेक्ट्रॉन कमीअधिक सुटतात आणि रेषेचा ठळकपणा त्यावर फार अवलंबून असतो. ताऱ्यांच्या वर्णपटांची गुरुकिल्ली ती हीच.

ती किल्ली हातीं घेऊन सेसिलिया पेन नांवाची पंचविशींतील मुलगी कुलुपाशीं गेली. ती इंग्लंडची, केंब्रिजला शिकली. तेथें स्त्रियांस अभ्यास करूं देत, पण पदवी देत नसत. ती १९४८ पर्यंत दिली नाहीं. म्हणून ती १९२३ सालीं हार्वर्डला आली. साहांच्या समीकरणानें तिनें ताऱ्यांतील द्रव्यांचें खरें प्रमाण काढिलें. सूर्याच्या उष्णतेंत हायड्रोजनच्या फारच थोड्या अणूंस दृश्य रेषा उमटवितां येतात. तरीहि त्या रेषा स्पष्ट दिसतात. त्यावरून एकंदर हायड्रोजन अफाट असला पाहिजे. तिच्या हिशेबानें तो धातूंच्या सुमारें दहा लक्ष पट आला, आणि त्याखालोखाल हेलियम.

प्रबंध तपासावयास गेला हेन्री नॉरिस रसेल यांजकडे. त्या काळीं अमेरिकेंत या विषयांत त्यांचा शब्द अखेरचा. हें अशक्य आहे, असें त्यांनीं स्पष्ट कळविलें. मुलगी नवखी, परदेशांतली. पुढील सर्व आयुष्य या वडीलधाऱ्या मंडळींच्या मर्जीवर. १९२५ च्या प्रबंधांत तिनें आंकडे होते तसेच छापले, परंतु हायड्रोजन व हेलियम यांचे आंकडे बहुतकरून खरे नसावे, असें एक वाक्य सोबत लिहिलें. चार वर्षांनीं, १९२९ सालीं, रसेल यांनीं स्वतः निराळ्या मार्गानें सूर्याचें गणित केलें. उत्तर तेंच आलें. त्यांनीं तें प्रसिद्ध केलें आणि तिच्या कामाचा उल्लेखहि केला. तथापि त्या शोधाचा मान पुष्कळ वर्षें त्यांच्याच नांवावर राहिला. पेनबाईंस हार्वर्डनें पूर्ण प्राध्यापकपद दिलें तें १९५६ सालीं.

आज आपण जाणतों कीं सूर्याच्या वजनांत सुमारें तीन चतुर्थांश हायड्रोजन, जवळजवळ एक चतुर्थांश हेलियम, आणि बाकीचें सर्व मिळून शेंकडा दोनहि नाहीं. हें कळल्यावांचून सूर्य जळतो कशानें हें कळतें ना. हायड्रोजनचें हेलियम होतांना निघणाऱ्या शक्तीवर तो तळपतो, याचा सविस्तर उलगडा १९३८-३९ सालीं झाला, आणि तो त्या प्रबंधांतील अविश्वसनीय आंकड्याच्या पायावरच उभा आहे.

आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं. रसेल आप्त होते, त्यांचें वचन टाकाऊ नव्हतें. परंतु वेध आणि गणित एकीकडे बोलूं लागलें असतां आप्तानेंहि पुन्हां एकदां पाटी घेऊन बसावें लागतें. रसेल बसले, हें त्यांस भूषणावह आहे. दुःख एवढेंच कीं ते चार वर्षें उशिरां बसले, आणि मधल्या काळांत बरोबर उत्तर देणारीस आपलें उत्तर चुकीचें म्हणावें लागलें.

एकत्र कुटुंबांत वडिलांच्या शब्दास मान असतो आणि तो असावाच; आम्हीहि त्याच रीतींत वाढलों. परंतु घरांतील एखादी मुलगी किंवा सून कांहीं हिशेब मांडून आपणांपुढें आली, तर तिचें वय आणि नातें पाहण्याआधीं हिशेब पाहावा. तो चुकला असेल तर कोठें चुकला तें दाखवावें. चूक दाखवितां येत नसेल, तर मात्र 'हें अशक्य आहे' असें म्हणूं नये. त्या एका शब्दानें हायड्रोजनचा एक अणूहि कमी झाला नाहीं. कमी झाला तो एका मुलीचा स्वतःच्या गणितावरील विश्वास.